‘काकुळट’ आणि ‘काकुळती’

प्रश्न: सावंतवाडीकडे मराठी मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) ‘दया कर’ म्हणतात. बांदा ओलांडून गोव्यात गेलं की कोंकणीत तेच ‘काकुळट कर’. मराठीत काकुळतीला येतो तो मागणारा. मग देवालाच काकुळट कर म्हणायचं, हे कसं? आणि शुभवर्तमानातल्या (येशूची कथा सांगणाऱ्या बायबलच्या भागातल्या) गोष्टी मराठीत सांगताना कुठे कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद: कोंकणीत काकुळट म्हणजे करुणा, ती देणाऱ्याच्या पोटातली. मराठीत आज ‘काकुळतीला येणे’, ‘काकुळतीने’ असे मागणाऱ्याचेच प्रयोग जास्त कानावर पडतात, म्हणून तुम्हाला ते उलटं वाटतं. उधळ्या पुत्राची गोष्ट (लूकचं शुभवर्तमान, अध्याय 15) काढून बघा, दोन्ही अर्थ एकाच प्रसंगात भेटतात. डुकरं राखायची पाळी आलेला पोरगा ‘मला मोलकऱ्यासारखं ठेवा’ असं बोलणं मनात जुळवून घरी निघतो. ही झाली मराठी काकुळती. पण 20व्या वचनात तो दूर असतानाच बापाला कळवळा येतो, बाप धावत सुटतो. पोरगा तोंड उघडतो ते 21व्यात, आणि मोलकऱ्याचं वाक्य तर त्याच्या तोंडून येतच नाही. मूळ ग्रीक क्रियापद ‘आतडी’ या अर्थाच्या शब्दावरून आलंय. आपण ‘आतडं तुटतं’ म्हणतो तेच की हे! ‘दया’ त्यामानाने फार सोवळा शब्द.

त्यावर: सगळीकडे असं नाही हो, दादा. लूकच्याच 18व्या अध्यायातला जकातदार आधी ऊर बडवतो, ‘मज पाप्यावर दया कर’ म्हणतो, मग नीतिमान ठरून घरी जातो. तिथे मागणं आधी आहे. आणि तिथलं ग्रीक क्रियापदही वेगळं, प्रायश्चित्ताच्या अंगाने जाणारं. तिथे मी ‘दया’च ठेवीन.

आणखी एक: ‘पतितपावन’ कुणी कसं काढलं नाही? रत्नागिरीत 1931 साली भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर सर्व जातींना खुलं होतं. म्हणजे तिथले ‘पतित’ पाप केलेले नव्हेत, समाजाने खाली ढकललेले. शुभवर्तमानात ‘जकातदार व पापी’ अशी जोडी येते तीही अशीच सरमिसळ: रोमसाठी वसुली करणारा म्हणून दूर लोटलेला आणि खरोखर चुकलेला, दोघे एका पंगतीत. मात्र कुष्ठरोग्याला ‘पतित’ म्हणू नये, त्याने काय केलं होतं? मत्तयच्या 8व्या अध्यायात येशू आधी त्याला हात लावतो, ‘शुद्ध हो’ नंतर म्हणतो. शिवाशीव पाहिलेल्या आपल्या मुलखात त्या क्रमाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ता: पटलं. बापाच्या गोष्टीत ‘कळवळा’, जकातदाराच्या तोंडी ‘दया’. कुष्ठरोग्यासाठी ‘टाकलेला’ म्हणावं की ‘वाळीत टाकलेला’? आमच्या गावात वाळीत म्हटलं की पंचायत आठवते, रोग नाही.

उत्तर: मग नुसतं ‘टाकलेला’.