घरचा पॅच बँडमध्ये का हरवतो

गिटारच्या मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसरवर घरी बनवलेला पॅच (म्हणजे साठवून ठेवलेलं आवाजाचं सेटिंग) हेडफोनवर भरदार वाटतो, पण बँडमध्ये ड्रम सुरू झाले की ऐकूच येत नाही, असं एका गिटारवादकाने विचारलंय. नुसता व्हॉल्यूम वाढवून हे सुटणार नाही. कमी आवाजात आपल्या कानाला बास (खालचे सूर) आणि ट्रेबल (वरचे सूर) कमी ऐकू येतात, म्हणून घरी बसून आपण दोन्ही वाढवतो आणि मिड, म्हणजे मधले सूर, खाली ओढतो. बँडमध्ये खालची जागा बास गिटार आणि किक ड्रमची, वरची झांजांची. गिटारला उरतो तो मिडच, आणि तोच आपण कापलेला!

म्हणून पॅच तालमीच्या आवाजातच लावा. कॅब ब्लॉकमध्ये (गिटार अँपच्या स्पीकरची नक्कल करणारा भाग) लो कट, म्हणजे त्याखालचे सूर कापणारा फिल्टर, ८० ते १०० हर्ट्झ आणि हाय कट, म्हणजे त्यावरचे कापणारा, ६ ते ८ किलोहर्ट्झ ठेवा. गेन (डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचा खरखरीतपणा, किती ते ठरवणारा) घरच्यापेक्षा बराच कमी करा, रिव्हर्ब (घुमारा) जवळजवळ निम्मा.

सोलोसाठी आवाज वाढवणारा बूस्ट अँप ब्लॉकच्या (अँपची नक्कल करणारा भाग) नंतर लावा, ३ ते ४ डेसिबलचा. आधी लावलात तर अँप आधीच डिस्टॉर्ट होत असल्यामुळे आवाज वाढत नाही, फक्त डिस्टॉर्शन वाढतं.

आता कॅब सिम्युलेशन, म्हणजे वरच्या कॅब ब्लॉकचं काम. मिक्सरला जाणाऱ्या आउटपुटवर ते चालूच हवं, नाहीतर आवाज माशी घोंगावल्यासारखा चिरका येतो. स्टेजवरच्या गिटार अँपला सिग्नल द्यायचा तर इफेक्ट्स रिटर्नमध्ये (अँपचा प्रीअँप टाळून थेट पॉवर अँपला नेणारं सॉकेट) द्या आणि त्या आउटपुटपुरतं कॅब बंद ठेवा, कारण खरा स्पीकर तिथे आहेच. हम (सततची घूंघूं) आला तर आधी ग्राउंड लिफ्ट, म्हणजे ऑडिओ केबलचं ग्राउंड तोडणारं बटण, दाबून बघा.