मदत हवी आहे: पीएचपीत जीझेड (दाबून लहान केलेली) फाईल वाचताना मेमरी संपते

तापीकाठ: रावेरच्या एका केळी गटाच्या साइटचं काम चालू आहे. काट्यावरच्या वजनपावत्यांची फाईल रोज रात्री येते, जुन्या पावत्यांसकट. वाचायला गेलो की 'अलाउड मेमरी साइझ ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड'. उद्या सकाळी हिशेब दाखवायचाय. लवकर सांगा कुणीतरी.

धुळेकर: कोड कुठे आहे? व्हर्जन कोणतं? फाईल कितली मोठी शे भो?

भुसावळ_जंक्शन: मेमरी लिमिट ५१२ एमबी कर, विषय संपला. आमच्याकडे असंच चालतंय.

धुळेकर: आणि हंगामात फाईल दुप्पट झाली की? ते १३४२१७७२८ म्हणजे १२८ एमबी, पीएचपीची डिफॉल्ट मर्यादा. ती वाढवून दुखणं फक्त पुढे ढकललं जातं.

तापीकाठ: शेअर्ड होस्टिंग आहे, लिमिट वाढत नाही. पीएचपी ८.१, फाईल ३० एमबी. कोड साधाच आहे: फाईल-गेट-कंटेन्ट्स, मग जीझेड-डीकोड, मग एक्सप्लोड.

मेहरूण: मेमरी तिथेच जातेय. दाबलेला मजकूर, उलगडलेला मजकूर आणि ओळींचा अ‍ॅरे, तिन्ही एकदम मेमरीत येतात. त्यापेक्षा एफओपनमध्ये फाईलच्या नावाआधी 'कॉम्प्रेस.झेडलिब://' लाव. हा रॅपर, म्हणजे मजकूर कुठून नि कसा वाचायचा ते पीएचपीला सांगणारा नावाआधीचा भाग. पुढे एफगेटसीएसव्ही (एकेक ओळ रकाने पाडून वाचणारं) नेहमीसारखं चालव, लागेल तेवढाच मजकूर उलगडत जातो. 'एचटीटीपी://', 'पीएचपी://इनपुट' हेही रॅपरच, आणि काहीच लावलं नाही तरी आतून 'फाईल://' असतोच. म्हणून वाचायचा कोड बदलावा लागत नाही.

शहादेकर: यूआरएलवरून वाचत असशील तर 'अलाउ यूआरएल एफओपन' ही सेटिंग बंद असेल. कर्ल वापर.

तापीकाठ: यूआरएल नाहीच, फाईल सर्व्हरवर आहे. मेहरूण भाऊ, मेमरीचं जमलं! पण आता शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन. काट्याचं सॉफ्टवेअर विंडोजवर आहे.

मेहरूण: हे आधी सांगायचं ना. उलगडलेल्या मजकुराचे पहिले दोन बाइट बघ. 'एफएफ एफई' असतील तर यूटीएफ-१६ आहे, म्हणजे अक्षरं दोन-दोन बाइटांत साठवायची पद्धत; तुला वेबवरची नेहमीची यूटीएफ-८ हवी. एफओपननंतर लगेच स्ट्रीम-फिल्टर-अपेंड करून 'कन्व्हर्ट.आयकॉन्व्ह.यूटीएफ-१६एलई.यूटीएफ-८' लाव. ओळी तोडायच्या आधीच रूपांतर व्हायला हवं. यूटीएफ-१६ मध्ये नव्या ओळीच्या खुणेचे दोन बाइट असतात, '०ए' आणि '००'. पीएचपी '०ए' वर तोडतं आणि ते '००' पुढच्या ओळीच्या डोक्यावर बसतं. मग पुढचं सगळं सरकतं.

भुसावळ_जंक्शन: एवढ्या उठाठेवीपेक्षा पायथन घे.

धुळेकर: उद्या सकाळपर्यंत, शेअर्ड होस्टिंगवर? काहीही. तापीकाठ, अजून एक बघून घे: फाईलचं नाव थेट फॉर्ममधून एफओपनला देऊ नकोस. कुणीही त्या जागी दुसरा रॅपर किंवा तुझ्या कॉन्फिग फाईलचा पत्ता टाकेल. आपल्या ठरलेल्या यादीतलंच नाव घे.

शहादेकर: रावेरला केळीला आज काय भाव निघाला?

तापीकाठ: भाव गटवाल्यांना विचारा. एफएफ एफईच निघाले, फिल्टर लावला, नावं एकदम नीट आली. नाव फॉर्ममधूनच येत होतं, आता यादी केली. पण 'पावती क्रमांक' हा रकाना सापडत नाही, बाकीचे सगळे सापडतात.

मेहरूण: पहिलाच रकाना ना? त्याच्या नावाला बीओएम, म्हणजे फाईलच्या सुरुवातीची ती 'एफएफ एफई' खूण, चिकटलाय. रूपांतरानंतर तो 'ईएफ बीबी बीएफ' असा तीन बाइटचा होतो, दिसत मात्र नाही. पहिली ओळ वाचल्यावर ते तीन काढून टाक.