शाळेच्या २५ वाक्यांच्या फॉर्मबद्दल (सोसायटी ग्रुप)

बी-३०४: शाळेतून आलेल्या त्या फॉर्मवर आमच्या विंगेत दोघी-तिघी सही करायला तयार नाहीत. पोराला शिक्का बसेल म्हणतात. ताई, तुम्ही जरा सांगा.

सी-२०१ (शाळा समुपदेशक): शिक्का बसत नाही, कारण यात निदान होतच नाही. ही नुसती चाळणी आहे. फॉर्मचं नाव एसडीक्यू (स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर), म्हणजे मुलांच्या भावना आणि वागण्याबद्दलची प्रश्नावली. पाच गट, प्रत्येकी पाच वाक्यं: भावनिक त्रास, वागणूक, चंचलपणा, सोबत्यांशी जमणं आणि इतरांना मदत करणं. शेवटचा गट बेरजेत धरत नाहीत. बाकी चार गटांच्या गुणांची बेरीज ० ते ४०. पालकांच्या फॉर्मवर १३ पर्यंत ठीक, १४ ते १६ काठावर, १७ पासून पुढे नीट बघायचं. शिक्षकांच्या फॉर्मवर ११ पर्यंतच ठीक, १६ पासून जास्त. अकरा वर्षांपासून पुढची मुलं स्वतःही भरू शकतात, त्यांचे आकडे आणखी वेगळे. आणि खूण करताना मागच्या सहा महिन्यांचा विचार करा, कालच्या भांडणाचा नको.

ए-१०२: बेरीज आम्ही दोघं-चौघं मिळून एक्सेलमध्ये करून देऊ का शाळेला?

सी-२०१: तिथंच घोळ होतो, दादा. ७, ११, १४, २१ आणि २५ ही वाक्यं उलटी मोजायची. "एक तरी चांगला मित्र आहे" याला "नक्की खरं" म्हटलं तर गुण ०, २ नव्हे. सरळ बेरीज मारली की सगळं छान चाललेल्या पोराचेही १० गुण फुकट वाढतात.
दुसरं, नुसती एकूण बेरीज बघू नका. समजा भावनिक ८, वागणूक ०, चंचलपणा २, सोबती २. एकूण १२, म्हणजे "ठीक". पण पालकांच्या फॉर्मवर भावनिक गटात ५ पासूनच जास्त धरतात. ही मुलगी वर्गात गप्प बसते, कुणाला त्रास देत नाही, म्हणून शिक्षकांच्याही नजरेतून सुटते. मला सगळ्यात जास्त काळजी अशाच मुलांची वाटते. त्रासामुळे घरी, मैत्रीत, अभ्यासात किती अडतंय हे विचारणारं मागचं पान असेल तर ते कोरं सोडू नका.

बी-३०४: गूगल फॉर्म केला तर? पटकन भरून होईल.

सी-२०१: नको. कागदी प्रत शाळेला फुकट वापरता येते, पण परवानगीशिवाय ऑनलाइन आवृत्ती करता येत नाही आणि वाक्यंही बदलता येत नाहीत. शिवाय पोरांची उत्तरं लिंकवरून कुठंही जातील. बंद पाकिटात, थेट समुपदेशकाच्या हातात द्या. स्टाफरूममध्ये गठ्ठा पडून राहायला नको.

डी-४०३ (बालरोगतज्ज्ञ): ताईंच्या बोलण्यात एक हिशेब जोडतो. समजा शाळेत ५०० मुलं, त्यातल्या ५० जणांना खरा त्रास, आणि फॉर्म दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक. मग ५० पैकी ४० सापडतील, १० सुटतील. त्रास नसलेल्या ४५० पैकी ९० जण उगाच यादीत येतील. यादी १३० ची, त्यात खरी ४०. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची: पालकांशी आणि मुलाशी निवांत बोलणं, वर्गात बघणं, डोळे-कान तपासणं. फळा दिसत नसलेलं पोरही चुळबुळ करतं!
शाळेला एवढंच विचारा की या १३० जणांना भेटणार कोण आणि किती दिवसांत. उत्तर नसेल तर यंदा एकच इयत्ता घ्या म्हणावं. नाव काढून पुढं काहीच न करणं मला पटत नाही.

ए-१०२: आणि शिक्षकांचे फॉर्म कधी? जूनमध्येच भरून घेणार होते.

सी-२०१: जूनमध्ये नको, नवीन शिक्षकांना पोरं ओळखीची तरी व्हायला हवीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर चांगलं.

डी-४०३: अजून एक. या २५ वाक्यांत जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल प्रश्नच नाही. मूल तसं काही बोललं तर फॉर्मची, गुणांची वाट बघायची नाही, एकटं सोडायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर मराठीत बोलता येतं, आणि लगेच सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) न्या.

बी-३०४: नंबर पिन करते. सही न केलेल्यांना हे सगळं वाचायला पाठवते.