काई ताकवर ७४७: गो-अराउंड घेतला की शून्य गुण, हे बरोबर आहे का?

तापीकाठ, जळगाव
आपल्या ग्रुपच्या सिम्युलेटर स्पर्धेत हाँगकाँगच्या जुन्या काई ताक विमानतळावर, १३ नंबर धावपट्टीला ७४७ जंबो विमान उतरवायचं असतं. गो-अराउंड घेतला, म्हणजे न उतरता विमान परत वर नेलं, की शून्य. हा नियम बदला. उतरण्याआधीचं वळण उशिरा घेऊन, पट्टीच्या मध्यावर टेकून, इंजिनांचा रिव्हर्स (उलटा जोर) ओढून कसंबसं थांबलेल्याला आपण पूर्ण गुण देतो आणि वेळेवर वर नेणाऱ्याला काहीच नाही. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फूट पुढे जाऊन टेकलं आणि पट्टी ओलांडून खाली कोसळलं. सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटलेलं होतं! शिरपूर-धुळ्याकडे आपली पोरं खरं विमान शिकतात. त्यांच्या हाताला ही सवय लागू नये.

बोरीखोरं, पारोळा
तुन्हं म्हननं माले पटनं नही, भाऊ. काई ताकचा वाट दाखवणारा रेडिओ बीम धावपट्टीकडे नेतच नव्हता, डोंगराकडे न्यायचा. डोंगरावरचा लाल-पांढऱ्या चौकटींचा बोर्ड दिसला की हाताने उजवीकडे ४७ अंश वळायचं, खाली इमारती. ५०० फुटांवर पंख सरळ हवेत, हा नेहमीचा नियम लावला तर तिथे कुणीच उतरलं नसतं, कारण पंख सरळ होईपर्यंत उंची दोनशे फुटांच्याही खाली आलेली असायची. तरी ६ जुलै १९९८ ला विमानतळ बंद होईपर्यंत जंबो उतरत राहिले. सिम्युलेटरवर कुणी मरत नाही. इथे नाही रेटायचं तर कुठे?

तापीकाठ, जळगाव
वळण ठरलेलं होतं हो! चाकं, फ्लॅप, वेग, खाली येण्याचा दर, सगळं वळणाआधी बसलेलं असायचं. बोर्ड दिसला नाही तर वर, त्यात चर्चा नव्हती. अवघड जागी नियम सैल होत नाहीत, उलट घट्ट होतात. ४ नोव्हेंबर १९९३ ला वादळी वाऱ्यात चायना एअरलाइन्सचं ७४७-४०० तिथेच पट्टी ओलांडून समुद्रात गेलं. सगळे वाचले, पण विमान गेलं.

हिरवी_केळी, रावेर
आधी जळगावला एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) नीट उतरवा, मग जंबो. बाजूच्या वाऱ्यात एटीआरसारखा पंख झुकवून ७४७ टेकवायला जातात आणि बाहेरचं इंजिन घासतं. नाक वाऱ्याकडे ठेवून यायचं, टेकताना रडरने (शेपटीच्या सुकाणूने) सरळ करायचं, पंख जवळपास सपाट. आणि उन्हाळ्यात ४४-४५ तापमान टाकून बघा. हवेतला वेग दाखवणारा काटा तोच आकडा दाखवतो, पण जमिनीवरचा वेग वाढलेला असतो आणि पट्टी कमी पडते.

बोरीखोरं, पारोळा
वाऱ्याचं एकदम बरोबर. पण गो-अराउंडला गुण दिले तर अवघड वारा दिसला की सगळेच वर नेतील. उतरवणार कोण?

तापीकाठ, जळगाव
इंधन मोजून द्या, एकाच गो-अराउंडपुरतं. दुसऱ्या खेपेला उतरवलं तर पूर्ण गुण. पहिल्या ३,००० फुटांत टेकलं नाही तर शून्य, मग पुढे कितीही छान थांबलेलं असो.

बोरीखोरं, पारोळा
३,००० फुटांची अट घाला, माझा पाठिंबा आहे. पण दुसऱ्या खेपेला पूर्ण गुण नकोत. पहिल्याच खेपेला वळण साधणाऱ्याचा हात वरचाच मानला पाहिजे. मतदान लावा, मी विरोधात मत देणार.