'सस्पेक्ट एक्स' : मला शेवटी रडू का आलं नाही?

प्रमेयबाई
रहस्यभेद आहे, पुस्तक वाचायचं असेल तर इथूनच मागे फिरा.

भाच्याने आग्रहाने कीगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' हातात ठेवलं. मूळ जपानी 2005 चं, मी इंग्रजीतून वाचलं. दहावीचे पेपर तपासायला आले होते, ते गठ्ठे तसेच ठेवून दोन रात्रींत संपवलं. (बोर्डाच्या मॉडरेटरांना सांगू नका.)

मी तीस वर्षं गणित शिकवतेय, त्यामुळे इशिगामी लगेच आपला वाटला. एकटा मास्तर, सकाळी नदीकाठाने चालत शाळेत जातो, वाटेत डबा घेतो, कारण त्या दुकानात शेजारीण यासुको कामाला आहे. वर्गात पोरं ढिम्म. पेपर कसा काढतो? प्रश्न भूमितीचा वाटावा आणि निघावा बीजगणिताचा. तिथे मी पेन्सिलीने रेघ मारली (पुस्तक भाच्याचं!). आपल्याकडे भाग 1 (बीजगणित) आणि भाग 2 (भूमिती) चे 40-40 मार्कांचे पेपरच वेगळे, पोरांना फसायची सोयच नाही.

आणि कादंबरीही तशीच रचलीय. यासुको आणि तिची मुलगी मिळून तोगाशीला, म्हणजे तिच्या आधीच्या नवऱ्याला, सुरुवातीलाच मारतात. आपल्या डोळ्यांदेखत. पोलीस मात्र 10 मार्चला कुठे होतात हेच खोदून विचारतात. मायलेकी सिनेमा, रामेन, कराओके सांगतात. ते खोटं पडत नाही, कारण ते खरंच असतं! खून 9 तारखेचा. पोलिसांच्या हातातलं प्रेत दुसऱ्याच माणसाचं.

कुणाचं? नदीकाठी निळ्या ताडपत्रीच्या झोपड्यांत बेघर राहतात, त्यांत नवा आलेला एक. इशिगामी मनात त्याला 'इंजिनिअर' म्हणतो. तांत्रिक मासिक वाचत बसणारा, म्हणजे अजून कुठेतरी चिकटायची आशा असलेला. यासुकोला वाचवायला इशिगामीने त्याला कामाच्या बहाण्याने नेलं, केस सापडावेत म्हणून तोगाशीच्या भाड्याच्या खोलीत ठेवलं आणि संध्याकाळी मारलं. चेहरा ठेचला.

हे कळलं तेव्हा मी मोठ्याने 'वा!' म्हणाले. गणिताला दाद देतात तशी. मग मागची पानं उलटून त्या माणसाला शोधायला गेले. मोजक्या ओळी. नाव नाही. शेवटी इशिगामी ऊर फुटेस्तोवर आक्रोश करतो, सगळे म्हणतात तिथे रडू येतं. मला आलं नाही. माझंच काही चुकतंय का?

कोरा चहा
बाई, पहिल्या प्रकरणात लेखक आपल्याला त्या ताडपत्र्यांवरूनच चालवत नेतो. आपणही इशिगामीसारखेच पुढे निघून जातो. उत्तर तिथेच ठेवलं होतं. शिवाय जगात बिनकामाचं चाक नसतं, अशा अर्थाचं काहीतरी त्याचा जुना शास्त्रज्ञ मित्र युकावा इशिगामीला ऐकवतो ना? म्हणजे लेखकाला ते बोचलंय.

घाटाखालचा
'उत्तर तिथेच ठेवलं होतं' हे सगळ्यांना मान्य नाही बरं का. जपानमध्ये यावरच भांडण झालं होतं. वाचकाला पुरेसे धागे दिलेत का, हिला 'होनकाकु' म्हणजे शुद्ध कोड्याची रहस्यकथा म्हणायचं का, यावर. शेवटी होनकाकु मिस्टरी पुरस्कार मिळाला तो मिळालाच, नाओकी हा तिथला मोठा साहित्य पुरस्कारही मिळाला. मला विचाराल तर कोडं चोख आहे. प्रेमकथा ओढूनताणून. यासुको दारावर ओळख करून द्यायला आली म्हणून इशिगामीने स्वतःसाठी बांधलेला गळफास सोडला, ठीक. पण त्यासाठी परक्याचा जीव?

निशाचर
हिंदीतला 'जाने जाँ' पाहा, 2023 चा. गोष्ट कालिंपाँगला नेलीय. शास्त्रज्ञ मित्र आणि पोलीस एकच करून टाकलेत, त्यात बरीच मजा गेली. जयदीप अहलावतसाठी मात्र पाहाच.

प्रमेयबाई
कोरा चहा, ते चाकाचं वाक्य मीही परत वाचलं. पण ते इशिगामीला उद्देशून आहे हो. त्याचं डोकं असं वाया गेलं म्हणून युकावाला हळहळ. तसं इंजिनिअरबद्दल कोण बोलतं? यासुकोलाही तो शेवटी कळतो, आणि तेव्हाही ती कोलमडते ती इशिगामीने आपल्यासाठी काय केलं या विचाराने, आणि पोरीने मनगट कापून घेतलं म्हणून.

घाटाखालचा, कोडं चोख आहे यावर माझं भांडण नाहीच. पोराने उदाहरण सुरेख सोडवावं आणि शेवटच्या ओळीत एकक लिहायला विसरावं, तसं झालंय. मी अर्धा मार्क कापते. भाचा म्हणतो, आत्या, तू खडूस आहेस.

पेपरांचे गठ्ठे परवा जमा करायचेत. 'जाने जाँ' त्यानंतर.