बाल्कनीत शिंजीरनं घरटं केलंय, हलवलं तर चालेल का?

विश्रामबागकर: आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या वायरला एका चिमुकल्या पक्ष्यानं घरटं लटकवलंय, कोळ्याची जाळी, वाळकी पानं, कागदाचे कपटे सगळं चिकटवून दारावर चक्क छोटं छप्पर पण काढलंय. आई म्हणते हमिंगबर्ड आहे. जरा बाजूला सरकवलं तर चालेल का?

कृष्णाकाठ: नका हो हलवू प्लीज! हमिंगबर्ड फक्त अमेरिकेकडं असतात, हा आपला जांभळा शिंजीर. घरटं मादी एकटीच बांधते, अंडी पण तीच उबवते, साधारण १५ दिवस.

मिरजवाला: आमच्या जास्वंदीवर रोज येतो, समोरनं न घुसता फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध पितो, बघत बसावं नुसतं. पिल्लांना मात्र किडे-कोळी भरवतात म्हणून कुंड्यांवर औषध अजिबात मारू नका. याच कुळातला एक सेशेल्स बेटांवर असतो, जगात दुसरीकडं कुठंच नाही, आणि त्याची मादी बहुतेकदा एकच अंडं घालते.

विश्रामबागकर: बरं झालं विचारलं. आत्ता बघितलं तर दारातनं नुसती बाकदार चोच दिसतेय, म्हणजे बसलीय ती. कपड्यांची दोरी गच्चीवर बांधली आजच.