ब्राँझच्या पुतळ्याचं मेण: चाचणी पट्टीवर की पुतळ्यावरच?

ओतारी_उद्यमबाग
बेळगाव-खानापूरचा पाऊस खाल्ला की पुतळ्यांच्या खांद्यावरून हिरवे ओघळ उतरतात. ते रोखायला पुतळ्यावर मेणाचा थर देतात, आणि माझं ठाम मत: मेण आधी पट्टीवर तपासा, मगच पुतळ्याला हात लावा. तांबं ८५ आणि कथील, शिसं, जस्त ५-५ टक्के, अशा ओतीव धातूच्या पट्ट्या करून सगळ्यांवर एकाच हातानं पॅटिना, म्हणजे रसायनानं आणलेला रंगीत थर, चढवा. तीन कोऱ्या, तीनवर थंड मायक्रोक्रिस्टलाइन (बारीक स्फटिकांच्या मेणाची) पेस्ट, तीनवर गरम मेण, तीनवर ॲक्रिलिक लॅकर (पारदर्शक वॉर्निश) आणि वर मेण. रॅक लाकडी, दक्षिणेला तोंड, ४५ अंश कल, स्क्रू नायलॉनचे. लोखंडी रॅकचा गंज पट्टीवर उतरतो आणि चाचणीच बिघडते. जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवा.

खानापूरकर
साहेब, पट्टी सपाट, पुतळा नाही! शेल्याच्या चुणीत पाणी साचतं, मेण पहिलं जातं ते खांद्यावरून आणि घोड्याच्या पाठीवरून. पुतळ्यावरच चार जागी तळहाताएवढ्या भागाला मेण लावा: खांदा, उभी पाठ, चुणी, खालची बाजू. पंधरा दिवसांनी पाण्याचा थेंब टाका. गोल उभा राहिला तर मेण आहे, पसरला तर गेलं.

ओतारी_उद्यमबाग
तो तळहाताएवढा चौकोन गडद होऊन लांबूनही दिसतो. महाराजांच्या पुतळ्यावर असला डाग कोण सहन करेल? आणि थेंब एवढंच सांगतो की पाणी ढकललं जातंय. मेणाखाली क्लोराइड (धातू खाणारे क्षार) काम करत असेल तर थेंबाला त्याचा पत्ता नसतो. विद्युत प्रतिबाधा, म्हणजे थर विजेला किती अडवतो ते, मोजायला सपाट पट्टीच सोयीची.

खानापूरकर
डागाचं मान्य, चाचणीचा चौकोन मागच्या बाजूला घ्या. पण जयंतीचा दुग्धाभिषेक तुमच्या रॅकवर कुठे होतो? चुणीत राहिलेलं दूध आंबतं, आम्ल सुटतं, वर गुलाल चिकटतो. नंतर कोणीतरी चिंच-लिंबानं घासतं आणि मेणासकट पॅटिना जातो.

पॅटिनावाली_निपाणी
दोघांनाही एक विचारते, मेण लावलं कसं ते कोण लिहिणार? धातू ९० अंशांच्या आसपास तापवून इन्फ्रारेड थर्मामीटरनं बघा. धूर निघाला तर मेण जळतंय. छिद्रांत ओल राहिली तर मेणाखाली पांढरट झाक येते. वितळणबिंदू ७५ अंशांच्या वरचाच घ्या. साधं पॅराफिन मेच्या उन्हात मऊ पडून धूळ धरतं. लॅकरबद्दल माझा विरोधच आहे: मेण मिनरल टर्पेंटाइननं निघतं, तडकलेलं लॅकर काढायला झायलीनसारखं जहाल द्रावक लागतं, तेही उघड्या चौकात.

ओतारी_उद्यमबाग
लॅकरच्या पट्ट्या तरीही ठेवणार, आकडा आल्याशिवाय नाही म्हणणार नाही. दुधाचा मुद्दा मात्र पटला. प्रत्येक प्रकाराची एक-एक पट्टी वाढवतो, तिच्यावर आठवड्याला एकदा दूध ओतून न धुता ठेवायची.